लीजची गाडी परत करता येईल का?

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी मी गेल्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीत आलो. आम्ही एडिसनला राहतो आणि माझे ऑफिस प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनजवळ आहे. तीन महिन्यांपूर्वी एका शनिवारी दुपारी आम्ही डीलरकडे 'नुसती चौकशी' म्हणून गेलो आणि संध्याकाळी ३६ महिन्यांच्या लीजवर, म्हणजे मुदतीच्या भाडेकरारावर, नवी गाडी घेऊन घरी आलो. सेल्समनने गाडीची किंमत काढलीच नाही. महिन्याला किती परवडेल एवढेच विचारले. मी पाचशेच्या आसपास म्हणालो आणि ५२६ डॉलरवर, कर वेगळा, सौदा ठरला. सुरुवातीला पहिल्या हप्त्याखेरीज ३,००० डॉलर भरले. टायर आणि रिमच्या संरक्षणाचे ८९९ डॉलर कार्डाने वेगळे दिले. करारात वर्षाला १०,००० मैलांची मर्यादा आहे आणि त्यापुढे प्रत्येक मैलाला २५ सेंट द्यायचे आहेत.

आता ऑफिसातल्या सहकाऱ्याने तीच गाडी, तेवढेच पैसे आधी भरून, ४१२ डॉलरच्या हप्त्यावर घेतल्याचे कळले, तेव्हापासून झोप उडाली आहे. मीटरवर ४,२०० मैल झालेत. लीज कंपनीला विचारले, तर आज करार मिटवून गाडी सोडवायला ३२,९०० डॉलर लागतील म्हणाले. डीलर म्हणतो, "गाडी परत आणा, आम्ही ३०,४०० धरतो, दुसरे मॉडेल घ्या, हप्ता तोच राहील, शिवाय १५,००० मैल देतो." एक मित्र म्हणतो, अमेरिकेत कोणताही करार तीन दिवसांत रद्द करता येत होता, तू ती संधी घालवलीस. मी एच-१बी व्हिसावर आहे. यातून बाहेर कसे पडावे?

— एक वाचक, एडिसन

उत्तर : मित्राची समजूत चुकीची आहे, त्यामुळे ती रुखरुख तरी मनातून काढून टाका. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा तीन दिवसांचा नियम मुख्यतः घरी येऊन किंवा तात्पुरत्या जागी मांडव टाकून केलेल्या विक्रीसाठी आहे. डीलरच्या शोरूममध्ये बसून सही केलेल्या मोटारीच्या कराराला तो लागू होत नाही, आणि पस्तावा झाला म्हणून नवी गाडी परत करण्याचा वेगळा हक्क न्यू जर्सीचा कायदाही देत नाही. सही करून गाडी आवाराबाहेर काढली की करार पक्का. म्हणजे आपण कोणतीही संधी घालवलेली नाही, कारण ती नव्हतीच.

आता आपल्या कागदांकडे वळू. सहकाऱ्याच्या हप्त्याशी तुलना करून कुढत बसण्यापेक्षा आपल्या हप्त्यात नेमके काय काय दडले आहे ते पाहणे अधिक उपयोगी ठरेल. १९७६ च्या कन्झ्युमर लीजिंग ॲक्टमुळे आणि त्याखालच्या 'रेग्युलेशन एम' या नियमांमुळे प्रत्येक लीजसोबत ठराविक माहितीचा तक्ता द्यावाच लागतो. आपल्या फाइलमध्ये तो असणारच. आपण दिलेल्या आकड्यांवरून आणि गाडीची अखेरची ठरीव किंमत मूळ किमतीच्या ५८ टक्के धरून (या वर्गाच्या गाडीला हे प्रमाण वास्तवाच्या जवळचे आहे) मी तो तक्ता मांडून पाहिला. गाडी छापील किमतीलाच, म्हणजे ३६,००० डॉलरला धरलेली असावी. त्यात लीज कंपनीची सुरुवातीची फी सुमारे ८९५ मिळवली आणि आपण भरलेले ३,००० वजा केले की ३३,८९५ राहतात. तीन वर्षांनंतरची ठरीव किंमत, म्हणजे रेसिड्युअल व्हॅल्यू, २०,८८० येते. या दोहोंतला फरक, १३,०१५ डॉलर, ही गाडीची घट आपण ३६ महिन्यांत फेडता, महिन्याला सुमारे ३६१ डॉलर. उरलेले १६४ डॉलर हा पैशाचा आकार, ज्याला तक्त्यात 'रेंट चार्ज' म्हटलेले असते. पूर्ण मुदतीचा रेंट चार्ज साधारण ५,९१६ डॉलर दिसेल. आपल्या कागदावर हे आकडे थोडे पुढेमागे असतील, पण मांडणी हीच असेल.

गंमत अशी की, तक्त्यात रेंट चार्जची रक्कम छापणे बंधनकारक असले तरी व्याजाचा दर छापणे बंधनकारक नाही. तो आपणच काढायचा असतो. महिन्याच्या १६४.३३ डॉलरला ३३,८९५ आणि २०,८८० यांच्या बेरजेने भागा. उत्तर ०.००३० येते. डीलरच्या भाषेत हा 'मनी फॅक्टर'. त्याला २,४०० ने गुणले की नेहमीचा वार्षिक दर मिळतो, इथे ७.२ टक्के. सहकाऱ्याचा करार माझ्यासमोर नाही, पण गाडीच्या किमतीत २,००० डॉलरची सूट आणि ०.००२० चा मनी फॅक्टर धरला की हप्ता ४१२ डॉलरच्या अगदी जवळ येतो. याचा अर्थ आपल्या आणि सहकाऱ्याच्या हप्त्यांतल्या ११४ डॉलरपैकी ६१-६२ डॉलर किमतीची घासाघीस न केल्यामुळे गेले आणि ५३ च्या आसपास दरामुळे. दराचा भाग सगळाच आपल्या हातात नव्हता. अमेरिकेत येऊन वर्ष झालेल्या माणसाची पतनोंद अगदी कोवळी असते आणि लीज कंपन्या अशा ग्राहकाला वरचा दर लावतात. मूळ दरावर डीलरही आपले थोडे चढवू शकतो, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. महिन्याची रक्कम आधी विचारून घेण्यामागे सेल्समनचा हेतू हाच असतो की किंमत, दर आणि मुदत या तिन्ही गोष्टी एका आकड्याआड झाकल्या जाव्यात.

हे ११४ डॉलर तीन वर्षांत ४,१०४ होतात. रक्कम मोठी आहे हे मान्य. पण ती आता करारात बांधली गेली आहे, आणि माझ्या मते आपली झोप चुकीच्या आकड्याने उडवली आहे. मीटर पाहा. तीन महिन्यांत ४,२०० मैल, म्हणजे महिन्याला १,४००. याच गतीने तीन वर्षांत ५०,४०० मैल होतील. करारात मुभा ३०,००० ची आहे. वरच्या २०,४०० मैलांचे २५ सेंटप्रमाणे ५,१०० डॉलर होतात, आणि ते गाडी परत करताना एकरकमी मागितले जातील. सहकाऱ्यापेक्षा आपण जास्त मोजत असलेल्या पैशांहून ही रक्कम मोठी आहे. फरक इतकाच की ती अजून गेलेली नाही, आणि तिच्यावर बराच उपाय करता येतो.

पहिला उपाय रुळांवर आहे. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गावर एडिसन आणि प्रिन्स्टन जंक्शन ही दोन्ही स्टेशने आहेत आणि आपले ऑफिस स्टेशनजवळच आहे. जाऊन-येऊन साधारण ४० मैलांचा प्रवास आठवड्यातून दोन दिवस रेल्वेने केला, तर सुट्ट्या वगळून उरलेल्या मुदतीत सुमारे १०,००० मैल वाचतील, म्हणजे २,५०० डॉलर. पेट्रोल आणि टायरची झीज वेगळी. तिकिटाचा आणि स्टेशनवरच्या पार्किंगचा खर्च त्यातून वजा करावा लागेल, तरी हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. एडिसन-आयसलिनकडून प्रिन्स्टनच्या बाजूला रोज जाणारे मराठी लोक थोडे नाहीत. आलटून पालटून एकमेकांच्या गाडीने गेलात तरी ऑफिसच्या प्रवासापुरते मीटर निम्म्या वेगाने पळेल. काही लीज कंपन्या मुदतीच्या मध्यात जादा मैल कमी दराने विकतात. आपल्या लीज कंपनीला हे लेखी विचारा, आणि विचारताना न वापरलेल्या मैलांचे पैसे परत मिळतात का, हेही विचारायला विसरू नका.

दुसरा उपाय पुष्कळांना सुचत नाही. मुदत संपल्यावर गाडी परत न करता करारातल्या २०,८८० डॉलरला आपणच विकत घेतली, तर जादा मैलांचे आणि गाडी परत करण्याच्या फीचे पैसे सहसा द्यावे लागत नाहीत. हे कलम आपल्या करारात पक्के वाचून घ्या. समजा, मैल अजिबात कमी झाले नाहीत आणि परत करताना ५,१०० अधिक परतीची फी ३९५, असे ५,४९५ डॉलर द्यायची वेळ आली. विकत घेताना न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर सुमारे १,३८३ डॉलर लागेल. तेव्हा त्या गाडीचा बाजारभाव १६,७७० डॉलरच्या खाली गेला नसेल, तर ती परत करण्यापेक्षा विकत घेणे स्वस्त पडते. मग ती ठेवायची की विकायची, हा पुढचा प्रश्न. आपल्याला ५०,००० मैल धावलेली गाडी नको वाटत असली, तरी ज्याने तिची तीन वर्षे वेळेवर सर्व्हिसिंग केली आहे त्याच्याइतकी तिची माहिती बाजारात कोणाला नसते.

आता डीलरच्या देकाराविषयी, आणि इथे मी स्पष्ट लिहितो : तो घेऊ नका. गाडी सोडवायला ३२,९०० लागतात आणि तो ३०,४०० धरतो. मधले २,५०० डॉलर तो सोडून देणार नाही, ते नव्या लीजच्या किमतीत मिसळले जातील. ३६ महिन्यांत महिन्याला ६९ डॉलर मुद्दलाचे, त्यावर त्याच मनी फॅक्टरने साडेसात डॉलर आकार, असे एकूण सुमारे २,७७० डॉलर आपण जिचे तोंडही पुन्हा पाहणार नाही अशा गाडीसाठी भराल. सुरुवातीचे ३,००० गेले ते गेले. नवी सुरुवातीची फी पुन्हा लागेल. आणि हप्ता तोच राहून मैल वाढत असतील, तर दुसरे मॉडेल बरेच हलके आहे किंवा मुदत ३६ वरून ४८ महिने झाली आहे, यांपैकी काहीतरी घडलेले असणार. त्याला एकच काम सांगून पाहा : दोन्ही करारांची गाडीची किंमत, अखेरची किंमत, मनी फॅक्टर आणि मुदत एका कागदावर शेजारी शेजारी लिहून द्यायला सांगा. लिहून देणार नाही असे मला वाटते. न पाहता घेतलेल्या लीजची खरी हानी बहुतेक वेळा दुसऱ्या सहीच्या वेळी होते, कारण तेव्हा माणूस सुटकेच्या घाईत असतो आणि समोरच्याला ते दिसत असते.

मुदतीपूर्वी सरळ गाडी नेऊन देण्याचा विचारही बाजूला ठेवा. लीज लवकर संपवल्यास मोठा आकार पडू शकतो, तो काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि जितक्या लवकर संपवाल तितका तो जास्त असण्याची शक्यता असते, ही सूचना कायद्यानेच तक्त्यात छापायला लावली आहे. तीन महिने हा त्या दृष्टीने सर्वांत वाईट काळ.

राहिला मार्ग लीज दुसऱ्याच्या नावे करण्याचा. काही कंपन्या ते करू देतात, काही देत नाहीत, आणि देणाऱ्यांपैकी काहींच्या करारात नवा माणूस हप्ता चुकला तर मूळ ग्राहकालाच धरण्याची तरतूद असते. आपली अडचण अशी की नव्या माणसाला ३३ महिन्यांत २५,८०० मैलच मिळतील आणि हप्ता बाजारापेक्षा चढा असेल, तेव्हा पदरचे हजार-दोन हजार डॉलर दिल्याशिवाय कोणी पुढे येईल असे वाटत नाही. तरीही हे कलम आजच वाचून ठेवा, आणि त्याचे कारण आपला व्हिसा आहे. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्या ६० दिवसांत घराचा करार, मुलांची शाळा, सामान या सगळ्यांबरोबर गाडीही मार्गी लावावी लागते, आणि तेव्हा हस्तांतराचे नियम शोधत बसायला वेळ नसतो. कंपनी हस्तांतर करू देते का, फी किती, नंतरची जबाबदारी कोणाची, या तीन गोष्टी लेखी मागवून कराराला टाचून ठेवा.

दोन-तीन किरकोळ बाबी. टायर आणि रिमच्या संरक्षणाचे ८९९ डॉलर आपण वेगळे दिले आहेत. अशा सेवा-करारात रद्द करण्याचे कलम बहुधा असते आणि न वापरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळू शकतात. डीलरला फोन करू नका, करारात दिलेल्या पत्त्यावर लेखी अर्ज करा आणि मीटरचे छायाचित्र जोडा. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात निकामी झाली, तर विमा कंपनी बाजारभावाने पैसे देते आणि ते लीज कंपनीला जातात. बाजारभाव आणि शिल्लक यांतला फरक भरून देणारे 'गॅप' संरक्षण आपल्या करारात आहे ना, ते पाहा. आपण आधी भरलेले ३,००० मात्र अशा वेळी गॅपमधूनही परत येत नाहीत. म्हणूनच लीजमध्ये हप्ता कमी दिसावा यासाठी आधी मोठी रक्कम भरणे मला कधीच पटलेले नाही.

डीलरने तोंडी सांगितलेली एखादी गोष्ट, विशेषतः मैलांची मर्यादा, कागदावर वेगळी लिहिलेली असेल, तर प्रश्नाचे स्वरूप बदलते. न्यू जर्सीचा ग्राहक फसवणूक कायदा कडक आहे आणि सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद त्यात आहे. पण आपल्या पत्रात तसे काही दिसत नाही. महाग सौदा ही फसवणूक ठरत नाही.

प्रश्न : माझी कंपनी पगारातून कापून ४ वर्षांच्या लीजवर गाडी देते. कर वाचतो म्हणून ऑफिसात सगळेच घेत आहेत. मी पुढच्या आठवड्यात सही करणार आहे. काही पाहायचे राहिले आहे का?

— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण सहीच्या आधी विचारत आहात, त्यामुळे उत्तर लहान होईल. लीजचे भाडे करपात्र पगारातून आधीच वजा होते आणि त्याबदल्यात गाडीच्या सवलतीचे ठराविक मूल्य आपल्या उत्पन्नात धरले जाते. ते इंजिनाच्या क्षमतेवर, १.६ लिटरच्या आत की बाहेर यावर, ठरते. त्यामुळे वरच्या कर-टप्प्यातल्या माणसाला बचत खरी असते. पण भाड्यावर जीएसटी लागतो, आणि विमा व देखभाल लीज कंपनीमार्फतच घ्यावी लागली तर तिचे दर बाहेरच्यापेक्षा चढे असू शकतात. म्हणून "कर किती वाचेल" हा आकडा एकटा पाहू नका. ४ वर्षांचे एकूण भाडे आणि अखेरीस गाडी घेण्याची किंमत यांच्या बेरजेतून वाचलेला कर वजा करा, आणि ती रक्कम बँकेच्या कर्जाने तीच गाडी घेतल्यास होणाऱ्या एकूण खर्चाशेजारी लिहा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न नोकरी सोडण्याचा. आरसी बुकवर नाव लीज कंपनीचे असते आणि करार आपल्या कंपनीशी असतो. मध्येच राजीनामा दिलात तर साधारणतः तीन वाटा उरतात : नव्या कंपनीने तो करार स्वतःकडे घेणे, आपण शिल्लक रक्कम भरून गाडी घेणे, किंवा दंड भरून ती परत करणे. पहिली वाट नव्या कंपनीचा त्याच लीज कंपनीशी करार असेल तरच उघडी असते. दुसरीत राजीनाम्यानंतरच्या नोटीस काळातच काही लाख रुपये उभे करावे लागतात आणि आरटीओत नाव बदलण्याचा खर्च वेगळा येतो. तेव्हा मनुष्यबळ विभागाकडून १२व्या, २४व्या आणि ३६व्या महिन्यात सोडल्यास भरावी लागणारी रक्कम ईमेलने मागवून घ्या. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत दोन-अडीच वर्षांनी नोकरी बदलणारे खूप आहेत. आपण त्यांपैकी असाल तर २४व्या महिन्याचा आकडा आधी पाहा आणि तो हातात येईपर्यंत पुढच्या आठवड्यातली सही पुढे ढकला.